डुक्कर, डिलाइट की पद्मिनी?

घरात जुनी गाडी असली की तिच्या शेजारी एक दंतकथाही पार्क केलेली असते. "अशा भारतात पाचच आल्या होत्या." "ही मूळची एका संस्थानिकाची." मुंबई-पुण्यात तर "पारशी डॉक्टरची, सिंगल ओनर" हे बिरुद इतक्या गाड्यांना चिकटलंय, की त्या काळी पारशी डॉक्टर पेशंट कधी तपासत असतील असा प्रश्न पडावा.

दंतकथा दरवेळी खोटीच असते असं नाही. अधूनमधून ती खरी निघते आणि मग रक्कम मोजताना शून्यं पुरत नाहीत. पण गाडी दुर्मीळ आहे का, हे काकांना विचारून कळत नाही, पत्र्याला विचारावं लागतं. चासीवर ठोकलेले आकडे, इंजिनावर ओतलेली अक्षरं, दाराच्या बिजागऱ्या, जाळीतल्या फटी यांना थापा मारणं जरा अवघड जातं. तेव्हा ताडपत्री काढा आणि बघायला लागा.

सगळ्या वाटा कुर्ल्याला

मराठी घरातली जुनी गाडी म्हटलं की बहुतेकदा ती 'फियाट' निघते आणि ही फियाट इटलीची नसते, कुर्ल्याची असते. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजांच्या गोदीचा पाया घातला आणि १९४४ मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. आकाश, पाणी आणि रस्ता, तिन्ही एकाच माणसाच्या खात्यावर!

प्रीमियरच्या कुर्ल्यातल्या कारखान्याच्या फियाट ११०० घराण्यातली थोरली म्हणजे ११००-१०३. इटलीत ती १९५३ मध्ये आली आणि १९५४ च्या सुमारास आपल्याकडे. गोलमटोल पाठ आणि पुढे आलेलं नाक बघून मुंबईकरांनी तिचं बारसं केलं 'डुक्कर फियाट'. कंपनीच्या कागदांत हे नाव कुठंही नाही, पण आज जाणकाराला फोन करून "डुक्कर आहे" म्हणालात तर तो पलीकडून उठून उभा राहतो.

तिची ओळख पटवायला बोनेट उघडायचीही गरज नाही. पुढचं दार उघडा. बिजागऱ्या विंडस्क्रीनच्या बाजूला नसून मधल्या खांबाला असतात, म्हणजे दार उलटं उघडतं. बसायला-उतरायला ऐसपैस, पण चालत्या गाडीत चुकून खटका उघडला तर वाऱ्याच्या झोतानं दार सताड. अशा दारांना इंग्रजीत 'सुसाइड डोअर' हे काळजाचा ठोका चुकवणारं नाव पडलं ते त्यामुळेच.

डुक्करनंतर एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं येत गेली. १९६४ मध्ये आली ११०० डी, म्हणजे 'डिलाइट'. आज ज्या आकाराला आपण डोळे मिटून पद्मिनी म्हणतो, तो आकार हाच. १९७२ च्या सुमारास फियाटबरोबरचा करार संपला, तेव्हा फियाट हे नाव उतरवून 'प्रीमियर प्रेसिडेंट' चढवलं. १९७४ मध्ये तेही उतरलं आणि चितोडच्या राणीच्या नावाची पद्मिनी रस्त्यावर आली. ती पुढं पाव शतक चालली.

म्हणजे बघा. डिलाइट सुमारे आठ वर्षं, पद्मिनी पंचवीसहून अधिक आणि मध्ये प्रेसिडेंट जेमतेम दीड-दोन. तुमच्या आजोबांनी गाडी १९७३ मध्ये घेतली असेल आणि सगळं घर पन्नास वर्षं तिला पद्मिनी म्हणत असेल, तर आधी मागच्या डिकीवरचं नाव नीट वाचा.

आणि वाचून लगेच पेढे वाटू नका. मोनोग्राम ही गाडीवरची सर्वांत बेभरवशाची वस्तू. दोन स्क्रू काढले की ओळख बदलते. अंग एकच असल्यामुळे डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी यांचे पुष्कळ भाग एकमेकींना बसतात. एके काळी लोक जुन्या गाडीवर नवं नाव लावून ती तरुण दाखवायचे. आता वारं फिरलंय, जुनं नाव शोधून नव्या गाडीवर लावतात. त्यामुळे मोनोग्राम, आरसी बुकातलं मॉडेल आणि पहिल्या पासिंगचं साल, तिघांची साक्ष जुळली तरच प्रेसिडेंट.

'इंपोर्टेड आहे हो, इटलीची!'

या दाव्याचा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो. आरसी बुकात 'क्युबिक कपॅसिटी'चा रकाना बघा. इटलीत १९६२ मध्ये आलेल्या ११०० डी ला १२२१ सीसीचं इंजिन होतं. कुर्ल्याच्या डिलाइटला आणि पद्मिनीला १०८९ सीसीचं. आकडा १०८९ असेल तर तुमची इटालियन सुंदरी कुर्ल्याच्या एलबीएस मार्गावरची आहे. वाईट वाटून घेऊ नका. इटलीत १०८९ सीसीची ११०० डी बघायला लोक वाकून उभे राहतील.

अ‍ॅम्बेसेडरचा खेळ तर अवघ्या तेरा सीसीचा. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात १९५७ मध्ये मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यातून ती जन्मली आणि २०१४ च्या मे महिन्यात थांबली. अगदी सुरुवातीच्या गाड्यांत जुन्या पद्धतीचं, बाजूला व्हॉल्व्ह असलेलं १४७६ सीसीचं इंजिन होतं. लवकरच त्याच्या जागी १४८९ सीसीचं, डोक्यावर व्हॉल्व्ह असलेलं इंजिन आलं आणि पुढं अनेक वर्षं राहिलं. ओळखायचं कसं? बोनेट उघडा. इंजिनाच्या माथ्यावर टॅपेट कव्हरचा लांबट डबा दिसला तर नेहमीची. माथा सपाट, त्यावर डबा नाही आणि स्पार्क प्लग वरून उभे खोचलेले असतील, तर आवाज न चढवता शेजारच्या स्टुलावर बसा. तुमच्यासमोर अ‍ॅम्बेसेडरचं बालपण आहे.

अ‍ॅम्बेसेडरचा मार्क, म्हणजे पिढी, ओळखायला पुढचं तोंड पुरतं. बोनेटवर खळी असलेली मार्क १. बारीक चौकटींची जाळी ती १९६३ च्या सुमाराची मार्क २. आडव्या पट्ट्यांची १९७५ ची मार्क ३. चौकोनी पार्किंग लाइट ती १९७९ ची मार्क ४. अर्थात जाळीही बदलता येते आणि टॅक्सीवाल्यांनी ती मनसोक्त बदलली आहे.

डिसोटोच्या कातडीत प्लायमाउथ

फियाटच्या आधी प्रीमियरचं सूत अमेरिकेच्या क्रायस्लरशी जुळलेलं होतं. १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, डिसोटो आणि प्लायमाउथ जोडल्या जाऊ लागल्या. आजोबांच्या फोटोत मागं उभी असलेली 'डिसोटो डिप्लोमॅट' ही त्यातलीच.

गंमत अशी की ही डिप्लोमॅट अमेरिकन माणसाला त्याच्या गावच्या शोरूममध्ये मिळतच नसे. तिकडची डिसोटो मोठी आणि महाग. परदेशातल्या विक्रेत्यांना मात्र विकायला स्वस्त गाडी हवी होती. क्रायस्लरनं तोडगा काढला: गाडी प्लायमाउथची घ्यायची, पुढं डिसोटोची जाळी लावायची, नाव 'डिप्लोमॅट' ठेवायचं आणि जहाजावर चढवायची. डॉजची 'किंग्जवे'ही त्याच वाणाची. कॅनडात प्लायमाउथच्या अंगाच्या डॉजना लोक चेष्टेनं 'प्लॉज' म्हणत.

त्यामुळे अशी गाडी घरात असेल तर अमेरिकन पुस्तकातल्या डिसोटोच्या चित्राशी ती जुळत नाही म्हणून "काहीतरी फेरफार केलेली दिसते" असा निष्कर्ष काढू नका. ती न जुळणं हाच तिचा दाखला. दारं, मडगार्ड, मागचा भाग प्लायमाउथशी ताडून बघा आणि नाक डिसोटोशी. दोन्ही जुळलं तर गाडी अस्सल.

जनरल मोटर्सही मुंबईतच होती, हे किती जणांना ठाऊक असतं? १९२८ मध्ये शिवडीला त्यांनी गाड्या जोडायला सुरुवात केली. पुढं सरकारनं धोरण आखलं की ज्यांचा इथं उत्पादनाचा बेत आहे त्यांनीच राहावं, तेव्हा १९५० च्या दशकाच्या मध्याला त्यांनी गाशा गुंडाळला. घरातली १९३० च्या दशकातली शेवरोले 'बोटीनं आली' असं ऐकलं असेल, तर ते अर्धंच खरं असू शकतं: बोटीनं खोकी आली असतील, गाडी शिवडीत उभी राहिली असेल.

जीप असेल तर फटी मोजा

प्रत्येक जुनी जीप 'महायुद्धातली' असते. निदान मालक तरी तसं सांगतो. पण जीपइतकी प्रामाणिक गाडी दुसरी नाही, तिला फक्त मोजता आलं पाहिजे.

समोर उभे राहा आणि जाळीतल्या उभ्या फटी मोजा. युद्धकाळातल्या विलीज एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यूला नऊ. युद्धानंतर सामान्य माणसासाठी निघालेल्या सीजेला सात. आपल्याकडे महिंद्रानं जी जीप वर्षानुवर्षं काढली ती सीजे-३बी घराण्यातली, सात फटींची आणि उंच बोनेटाची. खाली उंच इंजिन मावावं म्हणून बोनेट वर उचललेलं. तेव्हा सात निघाल्या तर युद्ध संपलं. तुमची जीप तळेगावच्या पुढं लढाईला गेलेली नाही.

नऊ निघाल्या? मग हेडलाइट बघा. लष्करी जीपचे दिवे लहान आणि जाळीच्या आत दबलेले असतात. शिवाय ते बिजागरीवर उलटे फिरतात, म्हणजे रात्री रस्त्यात इंजिन बिघडलं की दिवा मागं वळवून त्याच उजेडात दुरुस्ती करायची. ही युक्ती बघून मला त्या अनाम इंजिनिअरच्या पाया पडावंसं वाटतं. डाव्या अंगाला पत्र्यात फावडं आणि कुऱ्हाड बसवायच्या खोलग्या असतील, मागं उघडणारं फळकं नसेल, तर प्रकरण गंभीर आहे.

आता खाली वाका. विलीज की फोर्ड? दोन्ही गाड्या एकाच नकाशावर बनलेल्या, कारण रणांगणावर एकीचे सुटे भाग दुसरीला चालले पाहिजेत ही लष्कराची अट. फरक चासीच्या पुढच्या आडव्या दांड्यात: रेडिएटरखालचा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज, चौकोनी असेल तर फोर्ड. फोर्डनं आणखी एक हट्ट केला. आपल्या कारखान्यातले भाग ओळखू यावेत म्हणून बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा 'एफ' हे अक्षर उठवलं. सगळ्या गाडीत बोल्टागणिक एफ! आज लाखो रुपये ओतून जीप पूर्ववत करणारे शौकीन भंगार बाजारात चिमट्यानं एफवाले बोल्ट वेचताना दिसतात.

आणि दुर्मीळातली दुर्मीळ विलीज कोणती? पत्रा दाबून केलेली नऊ फटींची जाळी ही फोर्डची कल्पना. स्वस्त आणि हलकी म्हणून ती पुढं विलीजनंही घेतली. त्याआधीच्या पहिल्या २५,८०८ विलीजना लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली जाळी होती. बघायला अगदी खिडकीच्या गजांसारखी. तिला बघून कुणी "ही जाळी गावच्या वेल्डरनं केलेली दिसते" म्हणत ती काढून फेकली असेल, तर त्यानं जीपचा दागिनाच भंगारात घातला.

शाळेच्या बाईंची मस्टँग

घरची गाडी अचानक जगप्रसिद्ध निघते, याचा आजवरचा सर्वांत झकास किस्सा अमेरिकेतला. १९७४ मध्ये रॉबर्ट कीर्नन नावाच्या गृहस्थानं मासिकातली जाहिरात बघून एक हिरवी फोर्ड मस्टँग सुमारे ६,००० डॉलरला घेतली. त्यांची बायको शाळेत शिक्षिका. ती याच गाडीतून शाळेत जाई. १९८० मध्ये क्लच गेला आणि गाडी उभी राहिली. पुढची कित्येक वर्षं ती उभीच होती.

ही १९६८ च्या 'बुलिट' चित्रपटातली मस्टँग. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा तो पाठलाग, आणि गाडीत स्टीव्ह मॅक्वीन. कीर्नन यांना ते घेतानाच माहीत होतं, पण त्यांनी गाजावाजा केला नाही. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीननं पत्र पाठवून ती परत मागितली. कीर्नन यांनी दिली नाही. हॉलिवूडच्या बड्या नटाला नकार देणारा हा माणूस मला त्या सिनेमाच्या नायकापेक्षा भारी वाटतो.

चित्रीकरणाला दोन गाड्या होत्या. दुसरी भंगारात गेली असंच सगळे समजत होते. २०१७ मध्ये ती मेक्सिकोत सापडली आणि कोणत्या अवस्थेत? एक जण तिला दुसऱ्याच सिनेमातल्या मस्टँगसारखी रंगवून-सजवून नक्कल करायला निघाला होता! अस्सल गाडीची नक्कल व्हायची वेळ आलेली. वाचली ती नंबरामुळे. फोर्डच्या १९६७ पासूनच्या उत्पादनाच्या नोंदी बाळगणाऱ्या केव्हिन मार्टी यांनी दोन्ही गाड्यांच्या नंबरांचा छडा लावला. दोन्ही नंबर सलग: शेवटचे तीन आकडे एकीचे ५५८, दुसरीचे ५५९.

कीर्ननांच्या गाडीखाली कॅमेरा बसवायचे जोड अजून तसेच होते. कुणी हौशी फिटरनं "हे काय भलतंच लोंबतंय" म्हणून ते कापून टाकले असते तर? जानेवारी २०२० मध्ये गाडीला लिलावात ३४ लाख डॉलरची बोली लागली. रंग न केलेल्या, पोचे आलेल्या, खरचटलेल्या अवस्थेत.

फ्रान्समधल्या बायों कुटुंबाचं तर साठ गाड्यांचं गूढ होतं. वारसांनी शेताच्या शेडमध्ये पडलेला आजोबांचा संग्रह तज्ज्ञांना दाखवला. त्यात जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर होती. २०१५ च्या पॅरिसच्या लिलावात तिला एक कोटी साठ लाख युरोंहून अधिक मिळाले. रद्दीवाल्याला आधी बोलावलं असतं, तर त्याला किलोच्या भावात फक्त मासिकं मिळाली असती. फेरारी त्यालाच आधी दिसली असती, हे मात्र खरं.

खिशात चुंबक ठेवा

फ्रिजवरचं साधं चुंबक चालेल. मर्सिडीजनं ३०० एसएलच्या पंखासारखी दारं वर उघडणाऱ्या १,४०० गाड्या काढल्या, त्यातल्या अवघ्या २९ अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाच्या. चुंबक चिकटलं नाही तर नशीब चिकटलं. अर्थात अशी गाडी तुमच्या वाड्यात निघण्याची शक्यता कमी. लँड रोव्हर मात्र निघू शकते आणि तिलाही चुंबक चिकटत नाही, कारण १९४८ च्या ब्रिटनमध्ये पोलाद रेशनवर होतं आणि अ‍ॅल्युमिनियम भरपूर. इथं न चिकटणं हा चमत्कार नाही.

फियाटवर चुंबक फिरवायचं ते वेगळ्याच कारणानं. जिथं ते घसरतं तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. दारांच्या खालच्या कडा आणि चाकांवरची कमान इथं फिरवा आणि मन घट्ट करा.

बीटल असेल तर मागची काच बघा. मधून दुभागलेली असेल तर मार्च १९५३ च्या आधीची, एकसंध लंबगोल असेल तर १९५७ पर्यंतची. नंतरची काच मोठी आणि चौकोनी.

ब्रिटिश गाडीच्या काचेच्या कोपऱ्यात 'ट्रिप्लेक्स'चा शिक्का असतो. अक्षरांच्या वर-खाली बारीक ठिपके दिसतात, ते छपाईतली घाण म्हणून अनेकांनी नखानं खरवडले असतील. त्या ठिपक्यांत काच कोणत्या साली आणि वर्षाच्या कोणत्या सुमाराला बनली ते लिहिलेलं असतं. काच १९६१ ची आणि गाडी १९५८ ची म्हणता, तर मध्ये कधीतरी दगड लागलाय.

जुन्या फोर्डच्या इंजिनाच्या ओतीव लोखंडावर तारीख असते: सालाचा शेवटचा आकडा, महिन्याचं अक्षर, मग दिवस. महिन्यांच्या अक्षरांत 'आय' वगळलेलं, कारण ते एकासारखं दिसतं. आजच्या सतरा अक्षरांच्या वाहन क्रमांकातही आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात. तुमच्या नव्याकोऱ्या गाडीच्या नंबरात 'ओ' दिसला तर तो शून्य आहे, नाहीतर शोरूमला फोन करा. सतरा अक्षरांची शिस्त १९८१ पासूनची. त्याआधी ज्या त्या कंपनीचा आपला आपला कारभार, म्हणून जुन्या गाडीचा नंबर फक्त आठ-नऊ आकड्यांचा निघाला तर घाबरायचं कारण नाही.

गोव्याच्या गाड्यांचं वेगळंच

भारतात गाड्यांच्या आयातीवर बंधनं आली तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत दिल्लीचे नियम तिथं लागूच नव्हते. त्यामुळे मुंबईत जी ओपेल किंवा मर्सिडीज बघायला माणसं थांबत, ती मडगावला रस्त्यावर धावत असे. गोव्याहून आलेल्या १९५० च्या दशकातल्या युरोपियन गाडीबद्दल कुणी "भारतात ही असूच शकत नाही" म्हणालं, तर त्याला इतिहास सांगा: तेव्हा तो भारताचा भाग नव्हताच.

आणखी एक गंमत. पोर्तुगाल १९२८ मध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालू लागला, पण गोवा शेजाऱ्यांसारखा डावीकडेच राहिला.

मारुतीला हसू नका

माझं मत विचाराल तर पुढची दुर्मीळ गाडी संस्थानिकाच्या वाड्यात नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात आहे. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक येते, ती सगळ्यांना ओळखू येते. तिला कुणी भंगारात घालणार नाही. पण १९८३ ची मारुती? १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या ग्राहकाला किल्ली दिली, किंमत ४७,५०० रुपये. ही पहिली मारुती म्हणजे एसएस८०, चौकोनी तोंडाची. १९८६ मध्ये नवा, गुळगुळीत आकार आला आणि तोच आपल्या मनात 'मारुती ८००' म्हणून बसला. जेमतेम तीन वर्षं निघालेली ती जुनी चौकोनी गाडी लोकांनी पहिला क्लच जाताच विकली, कारण नवी मिळत होती. सामान्य गाडीचं हेच होतं. ती कुणी जपत नाही, म्हणून ती संपते.

मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डचंही तसंच. तिची चार दारांची मार्क ३ फक्त भारतात बनली, खुद्द इंग्लंडात नाही. इंग्लंडातले हेराल्डप्रेमी तिच्या फोटोंवर लाळ गाळतात आणि आपल्याकडे ती कोंबड्यांचं खुराडं झालेली मी पाहिली आहे. आणि डिझेल पद्मिनी, १३७ डी? १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातली, थोडकी, आज शोधून सापडत नाही. पण शोधतंय कोण? दुर्मीळ असणं आणि हवीहवीशी असणं यात फरक आहे. हा फरक ऐकवला की मालक मंडळी चहा अर्धा ठेवून उठतात.

टॅक्सी होती का?

मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वीस वर्षांच्या मर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. बऱ्याच पद्मिनी त्याआधीच रंग बदलून 'घरची गाडी' झाल्या होत्या. तपासायचं असेल तर डाव्या पुढच्या बाजूला, जिथं बाहेर मीटर असायचा, तिथं बुजवलेली भोकं शोधा. मग दाराचं आतलं पुठ्ठ्याचं पॅनेल काढा. बाहेरून गाडी पाच वेळा रंगवली जाते, पण दाराच्या पोटात हात घालायचा कंटाळा प्रत्येक पेंटरला येतो. स्टेपनीच्या खालीही तेच. टपाच्या अस्तराआड पिवळं दिसलं, तर पारशी डॉक्टरची कथा तिथंच संपली.

आता मुख्य काम, चासी नंबर. रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी घ्या आणि ग्रीस हळूहळू पुसा. ग्राइंडर नको, तारेचा ब्रशही नको. आकड्यांच्या कडा झिजल्या की आरटीओचा साहेब तुमच्याकडे चोर म्हणून बघतो. जागा कोरडी झाली की पातळ कागद दाबून धरा आणि मऊ पेन्सिल आडवी करून घासा. आकडे उमटतात. एखादा ३ आहे की ८, हे डोळ्यांना कळत नाही ते या छापेत कळतं. दुसरी गंमतही कळते: कारखान्यात ठोकलेले आकडे साधारण एका रेषेत आणि एका खोलीचे असतात. मधलाच एखादा आकडा तिरका आणि खोल असेल, तर तो कुर्ल्याच्या कारखान्यात नव्हे, कुर्ल्याच्या एखाद्या गल्लीत ठोकला गेला असण्याची शक्यता धरा.

इंजिन नंबर जुळला नाही तर लगेच रडू नका. या देशात पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी अ‍ॅम्बेसेडरमध्ये डिझेल बसवलं, जीपमध्ये ट्रॅक्टरचं बसवलं, टॅक्सीत सीएनजी. मूळ इंजिनासकट उरलेली साधी पद्मिनी हीच मुळात कमी सापडते. बदललेल्या इंजिनाची नोंद आरसीत असेल तर गाडीची किंमत उतरेल, पण गाडी कायदेशीर राहील. नोंदच नसेल तर आधी एजंट गाठा, मग जाणकार.

व्हीए नावाची पाटी

सगळं जुळलं? वय मोजा. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. १९७४ ची पहिली पद्मिनी २०२४ मध्ये या पंगतीत बसायला पात्र झाली. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुन्हा करायची तर ५,०००. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं आणि सिग्नलला शेजारचा दुचाकीवाला मान वळवून बघतो.

अट एकच आणि ती घरी आधी सांगून ठेवा. ही गाडी प्रदर्शनाला नेता येते, रॅलीत नेता येते, पेट्रोल भरायला आणि गॅरेजला नेता येते. रोजच्या वापराला मनाई. तेव्हा नोंदणी झाल्यावर आईनं "जाता जाता मंडईतून कोथिंबीर आण" म्हटलं, तर स्कूटर काढायची.